वीतभर उंच भिलाई

सकाळी साडेआठ वाजता नागपूर बुडाले.

त्याआधी पाच मिनिटे भंडारा गेला होता आणि त्याच्याही आधी गोंदिया. तारेच्या कुंपणाला नाक लावून उभ्या असलेल्या तिघांनी हे डोळ्यांदेखत पाहिले. तिघांत सर्वांत धाकटा कवडू, वय वर्षे दहा. त्याने बहिणीला विचारले, "ताई, आता मामी कुठं राहीन?"

"गप राय," कांता म्हणाली. ती तेरा वर्षांची होती आणि तिचे लक्ष मामीकडे नव्हते.

हे नागपूर सिमेंटचे होते. भिलाईत पोलादाच्या कारखान्याच्या भट्ट्या अर्ध्या पेटल्या होत्या, अर्ध्या बांधायच्या होत्या आणि त्याच्या वसाहतीत मुलांसाठी एक बाग तयार होत होती. बागेत जमिनीवर अख्खा भारत बांधला होता. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत शंभर फूट, म्हणजे एका फुटाला वीस मैल. उंचीचा हिशेब मात्र वेगळा, एका इंचाला पाचशे फूट. नाहीतर हिमालय चार बोटांचा झाला असता आणि पाहुणे त्यावर पाय देऊन गेले असते. आता तो माणसाच्या खांद्याला लागत होता. थरच्या वाळवंटात शिवनाथ नदीची वाळू पसरली होती, दख्खनच्या पठारावर काळा दगड बसवला होता आणि सगळ्या नद्यांत नळाचे पाणी सोडायची सोय होती. रविवारी दिल्लीचे पाहुणे येऊन कळ दाबणार होते. तोवर कुंपणावर पाटी होती : 'बाल उद्यान. बच्चों का आना मना है.'

आज गुरुवारी रंगीत तालीम होती. गंगा मैदानातून नीट गेली. गोदावरी, कृष्णा, कावेरी पठाराच्या उतारावरून मुकाट पूर्वेला गेल्या. नर्मदा आणि तापी आपल्या सवयीप्रमाणे पश्चिमेला गेल्या. शिवनाथ मात्र पानाबरसच्या डोंगरातून निघून दुर्गापर्यंत आली आणि थांबली, कारण वाटेत भिलाई होती. एक हिरवी टेकडी, तिच्यावर पत्र्याची चिमणी, चिमणीवर झेंडा, पायथ्याशी ओली गोणपाटे. पाणी टेकडीला थडकले, मागे फिरले, राजनांदगाव आणि डोंगरगड गिळून दरेकसाच्या खिंडीतून पलीकडे विदर्भात उतरले. बोटभर रुंदीच्या वैनगंगेला ते झेपले नाही.

बागेचे काम ज्यांच्याकडे होते ते इंजिनियर कृष्णराव घड्याळाकडे पाहत म्हणाले, "भिलाई एवढी उंच कोणी केली?"

"मिस्त्री ने, सर," ठेकेदाराचा ओवरसीयर भय्यालाल म्हणाला. "छुट्टी पर भागने से पहले. जल्दी थी न. नागपुर में इन लोगों का मेला रहता है."

मिस्त्री म्हणजे चंपत, कांता-कवडूचे बाबा. बुद्धपौर्णिमेसाठी ते मजुरांच्या कॅम्पातल्या इतर गवंड्यांबरोबर नागपूरला गेले होते आणि आज पहाटेच्या पॅसेंजरने उतरून स्टेशनावरून तसेच कामावर आले होते. हातात अजून पिशवी होती.

"साहेब, मी नाई केली," चंपत म्हणाले. "मी गेलो तवा भिलाई दोन इंच होती. नकाशाप्रमाणं."

"मग टेकडी काय आपोआप उगवली?"

"मालूम नाई साहेब. मी नव्हतो."

"हर बार यही," भय्यालाल म्हणाला. "काम बिगड़े तो मैं नहीं था. मज़दूरी बँटे तो सबसे आगे. नक्शा पढ़ना आता भी है इसको?"

"काम तुझं, उत्तर तुझं," कृष्णराव चंपतला म्हणाले. "संध्याकाळी पाचला मी परत येतो. तोवर हे दुसऱ्या कोणी केलं असं सिद्ध झालं तर ठीक. नाहीतर कायम करायच्या यादीतून तुझं नाव काढतो. ज्याला उतार कळत नाही असा गवंडी कारखान्याला नको."

जीप निघून गेली. चंपत पिशवी हातात धरून विदर्भातल्या पुरात उभे राहिले.

त्या यादीत नाव यायला चंपतला चार वर्षे लागली होती. नाव राहिले तर कायमची नोकरी, विटांचा क्वार्टर आणि मुलांची शाळा. गेले तर तिरोड्याकडचे गाव. त्या गावात चंपतने एक विहीर बांधली होती. बांधून झाल्यावर तिच्यावर त्यांना पाणी भरू देत नसत.

*

नव्या वसाहतीतली झाडे अजून गुडघ्याएवढी होती. सावली हवी असेल तर गटारासाठी आणून टाकलेल्या सिमेंटच्या पाइपात बसावे लागे. तिघे तिथे बसले.

"तुह्या बाबानंच केली असंल," देवीदास म्हणाला. देवीदास बारा वर्षांचा. त्याचे वडील पंजाबराव रेल्वेच्या दुर्ग लाइनीवर मुकादम होते. वार्षिक परीक्षेत भूगोलात कांता पहिली आली होती आणि तो दुसरा. ही गोष्ट त्याने अजून माफ केली नव्हती. "गाडी पकडाची होती म्हणते. घाईत होते."

"तुह्या बाबानं घाईत रूळ आडवे टाकले का कधी?"

"माहा बाबा मुकादम आहे."

"माहा मिस्त्री आहे. दोघायले सरळ-तिरपं समजते. तुले नाई समजत."

"मग कोणी केली सांग ना. पहिली आली ना तू?"

कवडूने गुडघा पुढे केला. गुडघ्यावर ताजी खपली होती.

"मी काल पडलो," तो म्हणाला.

"तू रोजच पडते बे," देवीदास म्हणाला.

"भिलाईवर पडलो. सोमवारी बाबाले स्टेशनवर पोचवून येतानी मी तारेखालून आत गेलो होतो. गोव्यापासून नागपुरावरून कलकत्त्यापरेंत पळत गेलो. भिलाई मधातच येते. काईच नव्हतं तिथं, सपाट. काल पुन्हा पळालो अन् धाडकन आपटलो."

कांताने मनात दिवस मोजले. सोमवार म्हणजे नऊ तारीख, काल बुधवार, अकरा तारीख. मधे मंगळवार, दहा मे, बुद्धपौर्णिमा. त्या दिवशी विदर्भातला एकही गवंडी कामावर नव्हता.

"आधी कावून नाई सांगितलं?"

"तू मारलं असतं. आत जाऊ नको म्हणत होती."

हे खरे होते, म्हणून कांताने विषय वाढवला नाही. तिने बोटांनी हिशेब केला. "टेकडी वीतभर आहे. नऊ इंच. खालचे दोन धरून अकरा. म्हणजे साडेपाच हजार फूट. आपण आता महाबळेश्वरापेक्षा हजार फूट उंच आहो."

बाहेर गरम वाऱ्याची लू वाहत होती. पाइप तव्यासारखा तापला होता.

"थंड हवेचं ठिकाण," देवीदास म्हणाला. मग त्याला एक गोष्ट सुचली आणि ती कांताच्या बाजूची होती. शेवटी ती त्याच्याने दाबून ठेववली नाही. "डोंगरगडच्या पुढं दरेकसाचा घाट लागते ना, तिथं मालगाडीले मागून दुसरं इंजिन लावते. ढकलाले. राजनांदगावपासून दुर्ग-भिलाई नाई लावत. ताटासारखं सपाट. लाइनीवरच्या कोण्या पोराले इचार. तुहा बाबा त्याच गाडीनं येते-जाते. त्याले हे मालूम नसंल असं नाई."

"म्हणजे त्यानं नाई केली."

"असं मी नाई म्हटलं."

"मग काय म्हटलं?"

"म्हटलं की ज्यानं केली तो कधी गाडीत खिडकीजवळ बसला नाई."

कांताने हेच पुरेसे मानले.

*

साहेबाला सांगायचे तर साहेब भेटायला हवा. अकरा वाजता तिघे कृष्णरावांच्या ऑफिसात गेले. दारात चपराशी स्टुलावर बसला होता.

"किसके बच्चे हो?"

"चंपत मिस्त्रीचे," कांता म्हणाली.

"कल आना."

"काम आजच आहे."

"तो कल भी मत आना," चपराशी म्हणाला आणि त्याने पायाने दार लोटून घेतले.

साहेबाला गुडघा दाखवून भागणार नाही, हे कांताला परतताना कळले. खूण अशी हवी, की भय्यालालला ती धुता येऊ नये. ते कुंपणाजवळ आले तेव्हा बागेचा मजूर हिरालाल बादलीने भिलाईला पाणी घालत होता. कोरड्या हिमालयाला नाही, गंगेच्या मैदानाला नाही; फक्त भिलाईला.

"हिरालालकाका, किती दिवस पाणी घालायचं?" कांताने तारेतून विचारले.

"सात दिन."

"कधीपासून?"

हिरालाल छत्तीसगढी होता, बोलायला मऊ आणि ओवरसीयरला घाबरणारा. त्याने तंबूकडे पाहिले. तंबूत भय्यालाल होता. "मैं कुछु नइ जानंव नोनी," तो म्हणाला, म्हणजे मला काही ठाऊक नाही, पोरी. मग बादली उचलताना त्याने हनुवटीने टेकडीच्या पायथ्याची गोणपाटे दाखवली आणि निघून गेला.

कांताला एवढे पुरले. बाबांबरोबर ती लहानपणापासून कामावर जात होती. नव्या सिमेंटला सात दिवस पाणी पाजावे लागते आणि दिवस चुकू नयेत म्हणून ते ओले असतानाच खिळ्याने त्यावर तारीख कोरतात. रंग देणारा वरून रंग देतो. पायथ्याशी कोणी बघत नाही.

दुपारी दोन वाजता भिलाईत माणसे, कुत्री आणि सरकार झोपते. घरून कांताने बाबांची छिन्नी-हातोडी आणि पाण्याची बाटली आणली. देवीदासच्या आईने कॅम्पातल्या घरचे पाणी प्यायचे नाही, असे बजावले होते. मे महिन्यात हा नियम दोन वाजून दहा मिनिटांपर्यंत टिकला.

तिघे तारेखालून आत शिरले. सिमेंट इतके तापले होते, की कवडू छत्तीसगढ ओलांडताना एका पायावर नाचत होता. कांताने गोणपाट उचलले. खाली टेकडीच्या कडेला, जिथे ती जेमतेम दोन बोटे जाड होती, आकडे कोरलेले होते. १०-५.

"चाल, साहेबाले सांगू," देवीदास कुजबुजला.

"कोण जाऊ देईन? सकाळी पाहिलं ना."

"मग?"

"बाबा म्हणते, कामावर चांगलं काम केलं तर साहेब दिसत नाई. नुकसान केलं तर लगेच नेतात." कांताने छिन्नी लावली. "हा तुकडा काढू. तो माह्या पिशवीत. मग जोरात ठोकू. तो उठंल."

"मारंल ना तो."

"मारंल."

देवीदासने तंबूकडे पाहिले, मग कांताकडे. "मी दुसरा आलो तेच बरं होतं," तो म्हणाला. "पहिल्या नंबराचं डोकं फिरते." आणि त्याने हातोडी घेतली.

कांताला वाटले होते, तासभर तरी लागेल. पण चौथ्या घावाला पाटीएवढा अख्खा पापुद्रा सुटून हातात आला. खाली हिरवे काही नव्हते. खाली चंपतने घोटून गुळगुळीत केलेली जमीन होती, आरशासारखी, आणि तिच्यावरून करंगळीएवढी शिवनाथ वळण घेत दुर्गावरून पुढे चालली होती. भिलाईखाली भिलाई निघाली.

"सोमवारी हीच होती," कवडू म्हणाला.

कांताने पापुद्रा पिशवीत ठेवला. मग तिने मान हलवली आणि देवीदासने पत्र्याच्या चिमणीवर हातोडी हाणली. भिलाईच्या इतिहासात दुपारी दोन वाजता एवढा आवाज कोणी केला नव्हता.

भय्यालाल बनियनवर धावत आला. देवीदासच्या कानाखाली एक बसली. कवडूची मानगूट आणि कांताचा दंड एकाच वेळी धरायचा त्याचा प्रयत्न होता. कांता मुकाट्याने हातात गेली, म्हणून तो साधला.

"बाप ने बिगाड़ा, औलाद तोड़ रही है," तो ओरडला. "आज तो खानदान की छुट्टी. चलो साहब के पास."

"नको ना साहेबाकडं," कांता म्हणाली, कारण असे म्हटले की माणूस नक्की नेतो.

चपराशी स्टुलावरून उठला आणि त्याने स्वतः दार उघडले.

*

कृष्णराव पंख्याखाली बसले होते. भय्यालालने सांगायला सुरुवात केली आणि पाच मिनिटे थांबला नाही. चोर, कॅम्पवाले, सिर पर चढ़ा रखा है, असे सगळे त्यात आले. कृष्णरावांनी हात वर केला.

"कोणी सांगितलं तुम्हाला फोडायला?"

"कोणी नाही साहेब," कांता म्हणाली. "आम्हाले आत यायचं होतं. ओवरसीयर साहेबांले एकच गोष्ट विचारायची आहे."

"विचार आणि नीघ."

कांता भय्यालालकडे वळली. "दहा तारखेले माहे बाबा कामावर होते का? आमच्या गल्लीतले लोक म्हणत होते. मंगळवारी दुपारपरेंत काम करून गेले म्हणते."

"झूठ," भय्यालाल उसळला. "कौन बोला? दस को तेरा बाप नागपुर में था. मैंने ख़ुद ग़ैरहाज़िर लगाया है, सर. लाल स्याही से. नौ की शाम को गया, आज सुबह आया है. दस को मिस्त्री का साया भी नहीं था यहाँ."

"नक्की?" कृष्णरावांनी विचारले.

"माँ क़सम, सर."

कांताने पिशवीतून पापुद्रा काढून टेबलावर ठेवला. एक बाजू हिरवी आणि तिच्या कडेला खोल कोरलेले आकडे.

"मग भिलाईवर ही तारीख कोणी टाकली?"

कृष्णरावांनी चष्मा वर केला.

"बच्चों ने अभी लिखी होगी," भय्यालाल म्हणाला.

देवीदासचा कान अजून लाल होता. त्याने खिशातून खिळा काढून टेबलावर ठेवला. "तुमी लिहून दाखवा ना साहेब. शेजारीच जागा आहे."

भय्यालाल लिहायला तयार नव्हता, पण कृष्णराव त्याच्याकडे पाहत होते. त्याने खिळा घेऊन रेटला. खिळा घसरला, दातांना शिरशिरी आणणारा आवाज झाला आणि सिमेंटवर केसाएवढी पांढरी रेघ उठली. शेजारच्या दहाच्या आकड्यात करंगळीचे नख बुडत होते आणि त्याच्या कडा फुगलेल्या होत्या. ओल्या सिमेंटच्या फुगतात तशा.

"उलटा करा साहेब," कांता म्हणाली.

कृष्णरावांनी पापुद्रा उलटवला. खालची बाजू काचेसारखी गुळगुळीत होती आणि तिच्यावर शिवनाथचे वळण उलटे उठले होते.

"घोटलेल्या सिमेंटवर नवा माल धरत नाही. आधी टाचे मारून ते खरबरीत करावं लागते. माहा बाबा बिगारी पोरायलेही पहिल्या दिवशी हेच सांगते. त्यानं केलं असतं तर हा तुकडा छिन्नीनं निघाला नसता. सुरुंग लावावा लागला असता."

कृष्णरावांनी तुकडा टेबलावर ठेवला. मग त्यांनी शांतपणे विचारले, "भय्यालाल, का?"

"सर, समिति में बात हुई थी." भय्यालालचा आवाज आता फार खाली होता. "कुर्सी पर बैठकर देखा था. हिमालय दिखता है, सतपुड़ा दिखता है, भिलाई नहीं दिखती. मेहमान क्या देखेंगे? तो मैंने सोचा थोड़ी-सी उठा दें."

"खुर्चीवर कोण बसलं होतं?"

भय्यालालने जमिनीकडे पाहिले. चपराशाने छताकडे पाहिले. कृष्णरावांना ती खुर्ची आपलीच होती हे आठवले. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढून पुसला. मुलांना काय झाले ते समजले नाही असे त्यांना वाटले असेल, तर ती त्यांची त्या दिवसातली दुसरी चूक होती.

*

पाच वाजता नकाशावर सगळे जमले. बाबांची छिन्नी कोणी नेली ते शोधत भागाबाई, म्हणजे कांताची आई, तणतणत आली होती. ती छिन्नीची बोथट धार पाहून मुलीला मारणार होती, पण समोर साहेब असल्यामुळे तिने ते काम पुढे ढकलले.

"चंपत," कृष्णराव म्हणाले, "टेकडी फोडून टाक. पहिली होती तशी कर."

चंपत हलले नाहीत.

"ऐकलं का? काम तुझं नव्हतं, हे कळलं मला. नाव यादीत राहील."

"साहेब, सकाळी तुमी सगळ्यायसमोर बोलले होते," चंपत म्हणाले. "हे एकट्याले सांगून राहिले."

आजूबाजूचे गवंडी आणि बिगारी हातातले काम सोडून उभे होते. कृष्णरावांनी भय्यालालकडे पाहिले, तिथे काही आधार मिळाला नाही, मग त्यांनी घसा साफ केला.

"भिलाई चंपतने बिघडवली नव्हती," ते सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले. "त्याची मापं बरोबर होती. चूक आमची. आणि ही तीन मुलं..." इथे ते थोडे अडखळले, कारण शाबासकीचा त्यांना सराव नव्हता. "या मुलांनी डोकं चालवलं. माझ्या ऑफिसात एवढं डोकं कोणी चालवत नाही. पाटी काढून टाका ती. बाग मुलांची आहे."

"म्हंजे मी पळू शकतो?" कवडूने विचारले.

"समुद्रकिनाऱ्याने," कृष्णराव म्हणाले.

मग चंपतने हातोडी घेतली. वीतभर भिलाई अर्ध्या तासात ढिगारा झाली, घमेल्यांतून बाहेर गेली आणि जुनी भिलाई धुळीतून वर आली, ताटासारखी सपाट. चंपतने ती ओल्या फडक्याने पुसली. शिवनाथच्या खाचेतून त्यांनी एकदा बोट फिरवले आणि मान वर केली.

"कांता, पाणी सोड."

कांताने नळ फिरवला. पानाबरसच्या डोंगरातून पाणी निघाले, राजनांदगावाजवळून वळले, दुर्गाला आले. देवीदासने श्वास रोखला होता. नंतर तो हे नाकारणार होता. दुर्गाला पाणी थांबले नाही. ते सपाट मैदानावरून संथपणे सरकत गेले, महानदीला मिळाले, महानदी डोंगरांच्या फटीतून ओरिसात उतरली आणि वेग घेऊन पूर्वेकडे निघाली.

तिकडे बंगालच्या उपसागरात भय्यालाल उभा होता. कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून त्याने ती जागा निवडली होती आणि रविवारसाठी घेतलेले नवे बूट आजच घातले होते. पाण्याकडे त्याची पाठ होती. भारताच्या नकाशावर त्या वेळी तीसेक माणसे होती आणि बाजूला व्हा, असे त्याला कोणीही म्हटले नाही.